नासके सफरचंद आणि उलटलेली म्हण

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. त्यानंतर सहाव्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार रॉबर्ट ओब्रायन यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की पोलीस यंत्रणेत वर्णद्वेष मुरलेला आहे असे आपल्याला वाटत नाही. थोडी नासकी सफरचंदे आहेत आणि त्यांच्यामुळे सगळे खाते बदनाम होते आहे. ‘अ फ्यू बॅड अ‍ॅपल्स’ हा इंग्रजी वाक्प्रचार अशा प्रसंगी इतक्या सवयीने तोंडात येतो, की त्यावरचे उत्तरही एव्हाना पाठ झालेले आहे. उत्तर देणारे म्हणतात, म्हण अर्धवट सोडू नका. एक नासके सफरचंद सगळे पिंप नासवते, असे ती सांगते, तेव्हा बचाव म्हणून तुम्ही जे म्हणालात तोच तुमच्यावरचा आरोप आहे. टाळ्या पडतात, म्हणीच्या इतिहासावर चार लेख येतात आणि पुढच्या प्रकरणात हीच जुगलबंदी नव्याने रंगते.

या वादातल्या दोन्ही बाजू मला चुकीच्या वाटतात, आणि दुसऱ्या बाजूची चूक अधिक टोचते, कारण माझा कल तिच्याकडे आहे. शब्दाचा मूळ अर्थ काढून दाखवला की समोरच्याचा मुद्दा पडला, असे होत नसते. मुळात ही म्हण नासक्या फळांची मोजदाद करण्यासाठी जन्मलीच नाही. जो साठा राखतो त्याला उद्देशून ती बोललेली आहे आणि त्याने काय करावे ते ती सांगते. तिचा नवा वापर तिच्यातले हे काम काढून घेतो आणि केवळ संख्या शिल्लक ठेवतो. ‘पिंप नासते’ असे ठणकावणारेही बहुतेक वेळा ते काम मागत नाहीत. म्हण अचूक म्हटल्याचे गुण घेऊन ते घरी जातात.

भाषेच्या बाजूने जो आक्षेप येईल तो आधी मान्य करून टाकतो. अर्थ बदलतात, पार उलटतातही, आणि तसे होण्यात पाप नाही. धर्मशास्त्रांतल्या व्यवहाराच्या अठरा पदांमध्ये ‘साहस’ हे एक पद आहे. तिथे त्याचा अर्थ बळजबरीने केलेला गुन्हा असा होतो. आज हिमालयात चढाईला निघालेल्या मुलीला आपण साहसी म्हणतो तेव्हा स्मृतिग्रंथ उघडून तिच्यावर आरोपपत्र ठेवत नाही. इंग्रजीतही सफरचंद असेच पालटले. १३४० मध्ये कँटरबरीच्या मायकेल नावाच्या भिक्षूने लिहून ठेवले, की चांगल्या फळांतले एक कुजके फळ बाकीच्यांना कुजवते. १७३६ च्या आपल्या पंचांगात बेंजामिन फ्रँकलिन यांनी तेच चार शब्दांत आटोपले, की कुजके सफरचंद सोबत्याला बिघडवते. मग १९७० साली ऑस्मंड बंधूंचे एक गाणे आले. एक सफरचंद नासके निघाले म्हणून सारा घोस काही नासत नाही, असे त्यात प्रेयसीला समजावलेले होते, आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. प्रियकराने म्हण उलटवली याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या पिढीने सफरचंद दुकानातल्या चकचकीत ढिगातून एकेक निवडून घेतले आणि हिवाळाभर पिंपात साठवून कधी पाहिले नाही, तिला जुना अर्थ सुचणार तरी कुठून?

आपल्याला मात्र तो सुचायला हरकत नसावी, कारण हीच म्हण आपल्याकडे आंब्याच्या रूपाने नांदते : एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. आमच्या कोकणातल्या घरी माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आढी घातली जाई आणि आजी एक दिवसाआड ती निवडायला बसे. कुठेतरी आंबूस वास आला की हात त्या बाजूला वळायचा, पेंढा दूर व्हायचा, देठाशी काळा पडून पाझरलेला आंबा बाहेर यायचा. काम तिथे संपत नसे. त्याला टेकून असलेले सहा-सात आंबे ती उचलून फडक्याने पुसायची, प्रत्येकाच्या देठाशी अंगठा दाबून पाहायची, ज्यांचा भरवसा वाटत नसे ते त्याच दिवशीच्या रसाला वेगळे ठेवायची आणि ओला झालेला पेंढा काढून कोरडा घालायची. नासक्या आंब्याला तिने बोल लावलेला मला आठवत नाही. बोलणी खायचा तो आंबे उतरवणारा गडी, कारण झेला (आंबा अलगद उतरवायची जाळीची काठी) न वापरता फांदी हलवून पाडलेला आंबा ठेचकाळतो आणि ठेचेतून कूज शिरते, हे तिला ठाऊक होते. शास्त्राने पुढे या अनुभवाला नावे दिली. कूज धरवणारी बुरशी स्पर्शाने आणि जखमेतून पसरते. शिवाय पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते आणि तो वायू शेजारच्या फळांना पिकण्याची घाई लावतो, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. म्हणजे एकाला दुसरा बिघडवतो तो टेकून असल्यामुळे, आणि टेकून नसला तरी एकाच बंद हवेत असल्यामुळे.

मराठीची आणखी एक सोय इथे उपयोगी पडते. इंग्रजीने आज ज्या दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच सफरचंदात कोंबल्या आहेत त्यांसाठी आपल्याकडे पहिल्यापासून दोन वेगळी वाक्ये आहेत. माणसामाणसांत फरक असतो, एकावरून सर्वांना पारखू नये, हे सांगायचे तर आपण म्हणतो, हाताची पाची बोटे सारखी नसतात. संसर्गाची भीती सांगायची तर आढी काढतो. ओब्रायन यांना बोटांची म्हण हवी होती आणि त्यांनी आंब्याची वापरली. (आपल्याकडचे प्रवक्ते या बाबतीत अधिक सावध आहेत, ‘काही अपप्रवृत्तींमुळे संपूर्ण खाते बदनाम होते’ या वाक्यात फळ नाही, माणूसही नाही, नुसती प्रवृत्ती आहे, आणि प्रवृत्तीला निलंबित करता येत नाही.) तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की पोलीस खाते, लष्कर किंवा एखादी बँक ही हाताच्या बोटांसारखी आहे की आढीसारखी? याचे उत्तर शब्दकोशात मिळणार नाही. त्या त्या संस्थेतच शोधावे लागेल.

न्यूयॉर्कमध्ये ते एकदा नीट शोधले गेले. पोलिसांच्या लाचखोरीच्या बातम्या वृत्तपत्रात आल्यानंतर महापौर जॉन लिंडसे यांनी १९७० मध्ये नॅप आयोग नेमला. फ्रँक सर्पिको या पोलिसाने डिसेंबर १९७१ मध्ये त्याच्यापुढे उघड साक्ष दिली आणि १९७२ मध्ये अहवाल आला. खात्यात जवळजवळ अधिकृत मानल्या गेलेल्या एका सिद्धांताचा त्यात नाव घेऊन समाचार आहे, आणि त्या सिद्धांताचे नावच ‘नासके सफरचंद’ असे आहे. भ्रष्ट पोलीस सापडला की त्याला स्वच्छ पिंपातले नासके फळ ठरवून ताबडतोब बाहेर काढायचे आणि त्याचा भ्रष्टाचार आतल्या एखाद्या रोगाचे लक्षण असू शकेल हे मात्र कधीही कबूल करायचे नाही, अशी ती रीत होती. नुसत्या हकालपट्टीने जुनी म्हण पाळली जात नाही, हे इथे लक्षात येते. फळ तर फेकले जात होते; शेजारच्या फळांना कोणी हात लावत नव्हते.

त्याच अहवालात भ्रष्ट पोलिसांचे दोन वर्ग केलेले आहेत. स्वतःहून हात मारत फिरणारे ते मांसखाऊ, आणि वाटेत येईल ते चहापाणी निमूट खिशात घालणारे ते गवतखाऊ. मांसखाऊ थोडे होते, बातम्या त्यांच्याच होत. आयोगाने मात्र दुखण्याचे मूळ गवतखाऊंमध्ये पाहिले, कारण त्यांच्या मोठ्या संख्येमुळे भ्रष्टाचाराला एक प्रकारची प्रतिष्ठा मिळत होती आणि त्याविषयी बोलणारा फितूर ठरत होता. ‘थोडीच फळे नासकी आहेत’ हे विधान या परिस्थितीत खरे होते की खोटे? पुरते सडलेल्यांपुरते पाहिले तर अगदी खरे, आणि तरीही त्यातून आढीची स्थिती कळत नव्हती.

म्हणूनच संख्येचा मुद्दा मी विरोधकांना आनंदाने देऊन टाकतो. बहुसंख्य पोलीस कोणाच्या मानेवर गुडघा ठेवत नाहीत, बहुसंख्य सैनिक कैद्यांचा छळ करत नाहीत, हे मला मान्य आहे. पण जुन्या म्हणीतही नासके फळ एकच होते! ते एक असतानाच हात घालावा लागतो, हीच तिची शिकवण. लंडनच्या महानगर पोलीस दलाच्या तेव्हाच्या आयुक्त क्रेसिडा डिक जून २०२१ मध्ये म्हणाल्या, की आपल्याकडे ४४ हजार माणसे काम करतात आणि अधूनमधून एखादा वाईट निघतो. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्या दलातल्या एका सेवेतील पोलिसाने सारा एव्हरार्ड या तरुणीचे अपहरण करून तिचा खून केला होता. त्यानंतर लुईस केसी यांनी दलाची झाडाझडती घेतली आणि मार्च २०२३ मध्ये अहवाल दिला. त्यात वर्णद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगी व्यक्तींचा द्वेष हे सारे संस्थात्मक असल्याचा निष्कर्ष आहे आणि चर्चा त्या विशेषणांवर झाली. मला त्यातले शीतकपाट विसरता येत नाही. बलात्काराच्या तपासातले नमुने ठेवण्याची कपाटे जुनाट, मोडकी, दार लागणार नाही इतकी ठासून भरलेली होती; एकात नमुन्यांशेजारी कोणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला होता; २०२२ च्या उन्हाळ्याच्या लाटेत एक शीतकपाट बंद पडले आणि आतला पुरावा निकामी झाल्याने फेकून द्यावा लागला. हे कोणत्या नासक्या सफरचंदाने केले? तिथे डबा ठेवणारा माणूस कदाचित सज्जन, कुटुंबवत्सल, वेळेवर कामाला येणारा असेल. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईचा पुरावा आणि आपली पोळीभाजी एका फळीवर राहू शकतात, हे त्याला कुठल्या गुन्हेगाराने शिकवले नव्हते. ते त्या हवेतच होते.

आता सर्वांत बळकट आक्षेपाकडे येतो. सगळे पिंपच दोषी म्हटले तर सुक्याबरोबर ओलेही जळते. इमानाने नोकरी करणाऱ्या हजारो लोकांवर, त्यांच्या मुलाबाळांवर शिक्का बसतो, आणि सामूहिक दोषाची कल्पना एकदा मोकळी सोडली की ती पोलिसांपाशी थांबत नाही. जाती, धर्म आणि देशांतरित माणसे यांच्यावर ती अधिक क्रूरपणे वापरली गेली आहे. दुसऱ्या बाजूने, पिंपाला दोष दिला की फळ सुटते. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातील छळाची छायाचित्रे एप्रिल २००४ मध्ये जगापुढे आली, तेव्हा आरोपी अमेरिकी सैनिक फ्रेडरिक यांच्या बाजूने मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी साक्ष दिली. फळ वाईट नव्हते, पिंप वाईट होते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता, आणि त्यामागे १९७१ चा त्यांचा स्टॅनफर्डमधला प्रयोग होता, ज्यात तरुणांना लुटुपुटीच्या तुरुंगात कैदी आणि पहारेकरी बनवले होते. त्या प्रयोगातले पहारेकरी आपणहून क्रूर झाले की त्यांना तसे वागायला सुचवले गेले, यावर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. तेव्हा ‘पिंप’ हा शब्दसुद्धा आळसाने वापरता येतो आणि त्याच्याआड माणसाला लपता येते, हे मी नाकारत नाही.

परंतु हे दोन्ही धोके टाळता येतात, आणि ते टाळल्याची उदाहरणे याच प्रकरणात आहेत. लष्करी न्यायालयाने झिम्बार्डोंची साक्ष ऐकून घेतली आणि फ्रेडरिक यांना ८ वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेना समितीने चौकशी करून डिसेंबर २००८ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांत म्हटले, की अमेरिकेच्या ताब्यातील कैद्यांचा छळ ‘मनाने वागणाऱ्या थोड्या नासक्या सफरचंदांच्या’ माथी मारून मोकळे होता येणार नाही. वरिष्ठांनी कठोर चौकशीच्या पद्धतींना दिलेल्या परवानग्यांपर्यंत समितीने धागा नेला. शिक्षा माणसाला झाली, चौकशी व्यवस्थेची झाली, आणि एकीने दुसरीची जागा घेतली नाही. इमानी माणसांवरच्या शिक्क्याचे म्हणाल, तर तो पुसण्याचा मार्ग आढी उघडण्यातूनच जातो. झाकलेल्या आढीतला प्रत्येक आंबा गिऱ्हाइकाच्या लेखी संशयित असतो. निवडलेल्या आढीतला उरलेला आंबा तो निर्धास्त घेतो. सर्पिकोसारख्याला बदनामी झाली ती आयोगामुळे नव्हे, आयोग येईपर्यंतच्या वर्षांत आपल्याच सहकाऱ्यांत तो परका ठरला होता.

माझ्या बाजूच्या लोकांना इथेच थांबवून विचारावेसे वाटते, की ‘सगळे पिंपच नासले’ असे म्हणून तुम्ही नेमके काय साधता? सगळेच नासले असेल तर निवडायचे काय? ‘थोडेच’ म्हणणारा आणि ‘सगळेच’ म्हणणारा, दोघेही आढीपाशी बसायचे टाळतात; एकाला गरज वाटत नाही, दुसऱ्याला उपयोग दिसत नाही. शिवाय सगळी कूज संसर्गानेच येते असेही नाही. हापूसमधला साका ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगायला नको : फळ बाहेरून सोन्यासारखे, वासही उत्तम, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर. साका शेजारच्या आंब्याकडून लागत नाही, फळ झाडावर असतानाच तो आत धरतो, आणि आढी कितीही निवडली तरी हाताला लागत नाही. त्याची विचारपूस बागेत करावी लागते. पोलिसांच्या बाबतीत ही बाग म्हणजे भरती, प्रशिक्षण आणि बढत्या.

मिनियापोलिसला हे सगळे एका रस्त्यावर, साडेनऊ मिनिटांत एकत्र आले होते. ज्या पोलिसाचा गुडघा होता त्याच्याविरुद्ध त्याच खात्यातल्या आधीच्या वर्षांत डझनाहून अधिक तक्रारी झालेल्या होत्या आणि तरी नव्या पोलिसांना प्रत्यक्ष कामाचे धडे देण्याची जबाबदारी खात्याने त्याच्याकडे सोपवली होती. त्या संध्याकाळी तिथे असलेल्या दोन नवख्यांपैकी एकाचा तो शिक्षक राहिलेला होता. हे दोघे पूर्ण पोलीस होऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांतल्या दुसऱ्याने, ‘याला कुशीवर वळवू या का?’ असे दोनदा विचारल्याचे अंगावरच्या कॅमेऱ्यात नोंदले गेले आहे. ज्येष्ठाने नाही म्हटले आणि तो नवखा पाय धरून बसून राहिला. पुढे तिथल्या आणखी एका पोलिसासह चौघांनाही शिक्षा झाली. त्या नवख्याला काय म्हणावे, नासके की चांगले? त्याला कळले होते, त्याने विचारलेही होते, आणि चौथ्या दिवशीच्या नोकरीत ज्येष्ठाला हाताने बाजूला सारण्याची सवय त्याला कोणी लावलेली नव्हती. फळाला तोंड नसते. माणसाला असते आणि तरी ते दुसऱ्यांदा मिटते, इथे सफरचंदाची उपमा संपते.

ही म्हण इंग्रजी साहित्यात जिथे पहिल्यांदा ठळकपणे भेटते ती जागा चौदाव्या शतकाच्या अखेरची आहे. चॉसरच्या कँटरबरी कथांमधला आचारी एका शिकाऊ उमेदवाराची गोष्ट सांगतो. धान्यसामान विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे पर्किन नावाचा पोरगा कामाला असतो. नाच, मद्य, फासे यांत तो रमतो आणि मालकाची पेटी वरचेवर रिकामी सापडते. शेवटी मालकाला म्हण आठवते, की कुजके सफरचंद साठ्यातून काढलेले बरे, नाहीतर ते बाकीच्यांना कुजवील, आणि तो पर्किनला मोकळे करतो. म्हणीचे पालन झाले, साठा वाचला. पर्किन लगेच आपले अंथरूण आणि कपडेलत्ते स्वतःसारख्याच एका मित्राच्या घरी धाडतो, आणि तीन ओळींनंतर गोष्ट अर्धवट तुटते; चॉसरने ती पुढे लिहिली नाही.

क्लीव्हलँड शहरात नोव्हेंबर २०१४ मध्ये खेळण्यातली बंदूक हाताळणाऱ्या टामिर राइस या १२ वर्षांच्या मुलाला एका पोलिसाने गोळी घातली. तो पोलीस त्याआधी जवळच्या इंडिपेन्डन्स गावच्या दलात होता. बंदुकीच्या प्रशिक्षणात त्याचा तोल सुटतो, त्याला ठेवू नये, असे तिथल्या वरिष्ठाने लिहून ठेवले होते. त्याने राजीनामा दिला आणि तो कागद त्याच्या फायलीत राहिला. क्लीव्हलँडने त्याला घेताना ती फाइल पाहिली नाही. २०१७ मध्ये त्याला काढले ते गोळीबाराबद्दल नव्हे, अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल. २०२२ च्या जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या टायोगा नावाच्या छोट्या गावाने त्याला आपला पोलीस म्हणून शपथ दिली, आणि गावकरी रस्त्यावर आल्यावर दोन-तीन दिवसांत तो तिथूनही गेला.